आपोआप फिरणारे गवतकापणी यंत्र : आधी थांबायला शिकवा



लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवरील हिरवळ राखायला मावळातील बरीच माणसे जातात. पावसाळ्यात तर एका टोकाचे गवत कापून होईतो दुसरे टोक माजलेले असते. आयटीआय शिकलेली आपली मुले विचारतात, माणसाशिवाय फिरणारे यंत्र घरी जमेल काय? जमते. आम्ही एक करून पाहिले. शिकलो ते येथे देत आहोत.

हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग यांनी घेतले. गिरणीत कापडावरची लव कातरणारे यंत्र पाहून त्यांना ते सुचले. स्वतः फिरणारे, उन्हावर चालणारे यंत्र स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने १९९५ साली आणले.

आमची मांडणी साधी. प्लायवुडची बैठक, मागच्या दोन चाकांना मोटारगाडीच्या वायपरच्या १२ व्होल्टच्या दोन मोटरी, पुढे एक मोकळे चाक, बॅटरी आणि आर्डुइनो बोर्ड. खाली २० सेंटिमीटरची तबकडी. तिला तीन छोटी पाती सैल स्क्रूवर, म्हणजे दगड लागला की पाते मागे वळते. हिरवळीच्या कडेने तार पुरून तिच्यात विजेचे बारीक ठोके सोडायचे. तारेच्या आत आणि बाहेर चुंबकीय क्षेत्राची दिशा उलट असते. यंत्राच्या पुढे बसवलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे ती ओळखते आणि यंत्र मागे फिरते.

पहिल्या दिवशी यंत्र झकास फिरले. मग आम्ही मुद्दाम तार तोडली. गडी थांबेचना! थेट फाटकाबाहेर पडून उताराला लागला. पाती लावली नव्हती म्हणून हसण्यावर निभावले. तबकडी मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला सुमारे ३१ मीटर धावते. कडबाकुट्टीत बोटे गमावलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको. कडबाकुट्टी निदान जागची हलत नाही. हे चालत येते.

चूक आमचीच. 'बाहेर' असा इशारा आला तर वळ, एवढेच बोर्डाला शिकवले होते. इशाराच आला नाही तर काय, हे सांगितलेच नव्हते. आता उलट केले : 'आत' असा इशारा मिळत असेल तरच चाल, तो बंद पडला तर थांब.

पाती लावण्यापूर्वी पुढील परीक्षा घ्याव्यात :

१. तार तोडा. चाके व तबकडी दोन्ही थांबली पाहिजेत.

२. यंत्र उचला, कलते करा. तबकडी लगेच थांबली पाहिजे.

३. वाटेत भरलेले पोते ठेवा. धडकताच यंत्र मागे सरले पाहिजे.

४. ओल्या उतारावर सोडा. चाके घसरून तार ओलांडत असतील तर तो भाग विळ्यालाच ठेवा.

५. वरचे लाल बटण दाबा. त्याने बॅटरीचा प्रवाहच तुटला पाहिजे.

प्रत्येक परीक्षा लागोपाठ दहा वेळा उतरली तरच पाती लावा. भर पावसात यंत्र काढू नये. ओले गवत तबकडीला गुंडाळते. ते काढताना आधी बॅटरीची वायर सोडवा, मगच हात घाला. पोरेबाळे अंगणात असताना तर यंत्र मुळीच सोडू नये. गवत उद्याही कापता येईल, बोट परत येत नाही.