जपानच्या खेड्यातील मुक्काम

वर्धा आणि जपान यांचा स्नेह जुना आहे. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्खू १९३३ साली वर्ध्यास येऊन महात्मा गांधींना भेटले आणि फुजी गुरुजी या नावाने भारतात परिचित झाले. त्यांच्या संघाने उभारलेला विश्वशांती स्तूप आज वर्ध्यात आहे. भदन्त सुरेई ससाई यांनी तर नागपूरलाच कर्मभूमी मानले. आपल्यापैकी अनेकांना जपान पाहण्याची इच्छा असते. परंतु मोठ्या शहरांतील हॉटेलांचा खर्च ऐकून ती मनातच राहते. यासाठी तेथील ग्रामीण निवासांचा परिचय उपयुक्त ठरेल.

‘मिन्शुकू’ म्हणजे कुटुंबाने आपल्या घरात चालविलेले साधे निवासस्थान. येथे दर बहुधा माणशी असतो आणि त्यात रात्रीचे व सकाळचे जेवण धरलेले असते. तातामी या गवती चटयांच्या खोलीत अंथरूण बहुधा आपणच घालावे लागते; स्नानगृह सामाईक असते. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना यात अवघड असे काही नाही.

शिराकावा-गो हे खेडे १९९५ पासून जागतिक वारसा आहे. तेथील घरांची उतरती छपरे जोडलेल्या हातांसारखी दिसतात, म्हणून त्या शैलीला ‘गाश्शो’, म्हणजे अंजली, हे नाव मिळाले. गवती छप्पर बदलण्यासाठी गावकरी एकत्र येतात. या प्रथेस ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडील सावड ती हीच. यांतील काही घरांत प्रवाशांना राहता येते.

‘शुकुबो’ म्हणजे विहारातील निवास. कोया पर्वतावर सुमारे पन्नास विहारांत अशी सोय आहे. दर मिन्शुकूपेक्षा बहुधा अधिक असतो. मात्र शुद्ध शाकाहारी भोजन आणि पहाटेच्या सूत्रपठणाचा लाभ मिळतो. शिकोकू बेटावरील ८८ विहारांची पदयात्रा सुमारे १२०० किलोमीटरची आहे. त्या वाटेवर ग्रामस्थ यात्रेकरूंना फळे, चहा, क्वचित निवाराही दान देतात.

काही नियम ध्यानात ठेवावेत. पादत्राणे दाराशी काढावीत. तातामीवर सपाताही घालू नये. टबात उतरण्यापूर्वी बाहेर अंग स्वच्छ धुवावे; ते पाणी सर्वांसाठी असते. जेवणाची वेळ पाळावी. मासे वर्ज्य असल्यास आधीच कळवावे, कारण साध्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो.

जपानची खेडी आज वृद्ध होत आहेत. तरुण शहरात गेले. वारस नसलेल्या घरांची दारे बंद होत आहेत. अशा ठिकाणी आपला एक मुक्काम त्या घराला आधार देतो. शिकून नागपूर-पुण्यास गेलेल्या आपल्या मुलांनी हे विशेष समजून घ्यावे. कान्हेरी, कार्ले, जुन्नर येथील शिलालेखांत भिक्खूंसाठी खोल्या व पाण्याच्या पोढी दान करणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. निवारा देण्याची ही परंपरा आपलीही आहे. नागपूर-वर्धा मार्गावरील केळझरला वाटसरूंची उणीव नाही. त्यांच्यासाठी आपल्या घरातील एक स्वच्छ खोली आणि दोन वेळचे जेवण एवढ्यावरही आरंभ होऊ शकतो.