मस्टर, पोच आणि मिनिट्स

चिऊ,

परळला श्रम अभ्यासाच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला म्हणून पेढे पाठवलेस, पोचले. आता आत्याचा आहेर घे. पहिल्या दिवशी सर नियमांचा एक कागद हातात देतील: हजेरी किती, असाइनमेंट कधी, गटकाम कसं, नक्कल केली तर काय. पोरं तो घडी घालून पिशवीच्या तळाशी टाकतात. तू टाकू नकोस. कामगार संबंध या विषयात तो कागद हाच पहिला धडा आहे. हजेरी, नोटीस, मुदत, लेखी नोंद, समोरच्याचं ऐकून घेणं, यांवरूनच तर कारखान्यात तंटे उभे राहतात. कामगार-वकिलाच्या कचेरीत वर्षानुवर्षं टायपिंग करताना मी मोठमोठ्या केसेस एवढ्याशा कागदावर तरलेल्या आणि तेवढ्याशाच कागदावर बुडालेल्या पाहिल्या आहेत.

१. तो कागद पहिल्याच संध्याकाळी शेवटपर्यंत वाच आणि तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरव — कारखान्यात स्थायी आदेश दाराजवळच्या फळ्यावर लावलेले असतात आणि चार्जशीट हातात पडेपर्यंत त्यांच्याकडे कुणी बघत नाही. फळा वाचणाऱ्याला चौकशीत घाम फुटत नाही.

२. विद्यापीठाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. उरलेले २५ टक्के झोपेसाठी नाहीत, हे तुला मुद्दाम सांगते — जुलैत रुळांवर पाणी भरतं, घरात लग्न निघतं, ताप येतो, ते सगळं त्यातच बसवायचं असतं. जूनमध्ये उधळलेली रजा ऑक्टोबरात रडवते.

३. उशीर झाला तर मागच्या दाराने गुपचूप येऊन बस आणि कारण तास संपल्यावर सांग — दारात उभं राहून दिलेलं कारण साठ जणांचा वेळ खातं.

४. येणार नसशील तर आदल्या दिवशी एक ओळ कळव — या विषयाचा पायाच नोटिशीवर आहे. सेवाशर्ती बदलायच्या तर मालकाने २१ दिवस आधी सांगायचं, संप करायचा तर कामगारांनी १४ दिवस आधी. पूर्वी केंद्राच्या कायद्यात ही १४ दिवसांची अट लोकोपयोगी सेवांपुरती होती, औद्योगिक संबंध संहितेने ती सगळ्याच उद्योगांना लावली. पुढे हे सगळं शिकणाऱ्या मुलीने न सांगता दांडी मारू नये.

५. काहीही जमा केलंस की पोच घे. आमच्या कचेरीत प्रत्येक पत्राच्या दोन प्रती निघायच्या: एक द्यायची, दुसरीवर आवक कारकुनाचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत आणायची. शिक्का पुसट उठला, तारखेतला ३ की ८ हे कळेना, तर वकीलसाहेब शिपायाला तसाच उलट्या पावली पाठवायचे आणि पुन्हा दाबून मारून आणायला लावायचे — कारण ‘आम्ही दिलं होतं’ असं दोन्ही बाजू म्हणतात, कोर्ट शिक्का बघतं. ई-मेलने पाठवलंस तर पाठवलेला मेल जपून ठेव, आणि फाइल उघडते का ते आधी स्वतः पाहा.

६. मुदतवाढ हवी असेल तर मुदत संपण्याआधी माग, किती दिवस हवेत ते सांग आणि झालेलं काम सोबत जोड — आधी मागितली तर विनंती, नंतर मागितली तर सबब.

७. कायदा लिहिताना वर्ष लिहायला विसरू नकोस. ट्रेड युनियन कायदा १९२६चा, स्थायी आदेशांचा १९४६चा, औद्योगिक विवादांचा १९४७चा. या तिन्हींच्या जागी २०२०ची औद्योगिक संबंध संहिता आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली — म्हणजे मोठ्या मुलांकडून वारशाने मिळणाऱ्या नोट्समधले कितीतरी आकडे शिळे आहेत. कामगारकपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारी परवानगीची अट पूर्वी शंभर कामगारांपासून होती, संहितेत तीनशेंपासून आहे. मान्यतेचंही तसंच: राज्याच्या १९७१च्या कायद्यात युनियनला ३० टक्के सभासद सलग सहा महिने दाखवावे लागतात, तर संहिता, अनेक युनियन असतील तिथे, वाटाघाटीचा एकटीचा हक्क ५१ टक्क्यांवर देते. पण जुने निकाल रद्दीत घालू नकोस. न्यायाधीशांनी कसा विचार केला हे तिथेच शिकायला मिळतं. वर्ष सोडलं की अर्धा कायदा सोडला.

८. दुसऱ्याचं वाक्य घेतलंस तर अवतरणचिन्हात घे आणि कुणाचं ते सांग — विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत प्रबंधातलं साम्य दहा टक्क्यांच्या वर गेलं की कारवाई सुरू होते, आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. संगणकाला विचारून लिहिण्याबाबत सरांचा नियम आधी विचार, आणि त्याने सांगितलेला प्रत्येक निकाल स्वतः उघडून वाच — अस्तित्वात नसलेल्या खटल्याचं नावही ते तितक्याच ठामपणे देतं.

९. वाटाघाटींचा सराव असेल तेव्हा तुला बहुतेक व्यवस्थापनाच्या बाजूला बसवतील. तोंड वाकडं करू नकोस, मला तुझं तोंड माहीत आहे. ती बाजू मनापासून घे, ताळेबंद वाच, मागचा करार वाच, एका कामगाराची पगारपावती ओळीने वाच — समोरच्याची अडचण ज्याला कळली त्यालाच आपली मागणी नीट मांडता येते. बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: काय मागणार, कुठे थांबणार आणि काय कधीच सोडणार नाही. हा कागद आपल्या गटाबाहेर जाऊ देऊ नकोस, अगदी जिवलग मैत्रीण समोरच्या गटात असली तरी. आवाज चढला की आकडा उतरतो.

१०. बैठकीची मिनिट्स कोण लिहिणार असं सरांनी विचारलं की हात तू वर कर, बाकीचे खाली बघत असतील. त्याच दिवशी लिही, दोन्ही बाजूंना वाचून दाखव, प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या घे आणि शेवटच्या ओळीखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मार — चौथ्या बैठकीला पहिल्या बैठकीचं कुणालाच धड आठवत नसतं, आणि कोऱ्या जागेत मागाहून एखादी ओळ येऊन बसू शकते.

११. वर्गात एखाद्याचे वडील एचआरमध्ये असतील, एखादीचे आजोबा गिरणीत असतील. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालच्या गिरणी संपाचा विषय निघाला की जरा थांबून बोल, आणि परळमध्ये बसून ‘सामंतांनी गिरण्या बुडवल्या’ किंवा ‘मालकांनी बुडवल्या’ असं एका वाक्यात काही फेकू नकोस — वाक्य एक, घरं अडीच लाख. त्या संपामागे पगार होता, बदली कामगारांची वर्षानुवर्षांची लटकती नोकरी होती, आणि १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता. त्या कायद्याने मान्यता एकाच संघाला दिलेली, आणि कामगार मात्र दुसऱ्याच माणसाच्या मागे गेलेले. जुनी यंत्रं, यंत्रमागांची स्पर्धा आणि गिरण्यांखालच्या जमिनीचा भाव या गोष्टी संपाच्या आधीही होत्या, नंतरही राहिल्या. तुला जे पटतं ते जरूर बोल, पण आधी शेजारणीला विचार, तिच्या घरी काय घडलं. माझ्या मते अर्धा अभ्यासक्रम त्या उत्तरात मिळेल.

१२. गटात एखादा कामच करत नसेल तर दुसऱ्या आठवड्यात त्याला तोंडावर सांग, चौथ्यात सरांना — सादरीकरणाच्या आदल्या रात्री केलेली तक्रार कुणाच्याच कामाची नसते.

१३. कारखान्यात किंवा नाक्यावर माहिती घ्यायला जाशील तेव्हा बंद बूट घाल, ओळखपत्र गळ्यात ठेव आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस. पगाराचा प्रश्न सुपरवायझरसमोर विचारायचा नाही; पाळी सुटली की चहाच्या टपरीवर विचार. अहवालात कंत्राटी कामगाराचं नाव, खातं, गाव, काही लिहू नकोस — त्याच्या नावाने तुझे गुण वाढतील आणि त्याची नोकरी जाईल. एवढा एक मंत्र विसरलीस तर मात्र मी रागवेन.

१४. गुणांबद्दल तक्रार असली तर आधी सरांना भेट, मग विभागप्रमुखांना, मग लेखी दे — खालची पायरी न चढता वर गेलेला अर्ज पुन्हा खालीच येतो. पण कुणी अंगाशी आलं, नको ते बोललं, तर पायऱ्याबियऱ्या काही नाहीत. थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जा, तीन महिन्यांच्या आत लेखी दे आणि त्याच दिवशी मला फोन कर, वेळ बघू नकोस.

१५. रविवारी पुस्तक मिटून ठेव. तुझ्या संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, १८९०च्या महालक्ष्मीच्या सभेत तर दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या, आणि त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली — इतक्या कष्टांनी मिळालेल्या दिवशी असाइनमेंट लिहीत बसू नये. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी काम संपवावं लागेल, तेवढं जमव. बाराच्या आत ये, मी भरली वांगी करते.

तुझी,
आत्या