अमेरिकेतील कॉलेज : अर्ज लवकर की नियमित वेळेत?



बारावीनंतर मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत शिकायला पाठवण्याचा विचार आपल्यातील काही घरांत चालू असतो. ‘लवकर अर्ज केला की प्रवेश सोपा’ असे कोणीतरी सांगते आणि दिवाळीच्या सुमारास आपण घाईघाईने सही करून मोकळे होतो. सही करण्यापूर्वी ही माहिती घरी एकत्र बसून वाचू या.

अर्जाचे मार्ग मुख्यतः तीन आहेत.

१) अर्ली डिसिजन : हा अर्ज एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो. मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर. उत्तर डिसेंबरच्या मध्यास. प्रवेश मिळाल्यास तेथेच जाऊ, असे वचन द्यावे लागते. विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश झाला की इतर सर्व अर्ज मागे घ्यायचे.

२) अर्ली ॲक्शन : मुदत साधारण तीच, उत्तरही लवकर, पण बंधन नाही. १ मेपर्यंत विचार करता येतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड येथे हा मार्ग आहे, मात्र त्याच वेळी इतर खासगी कॉलेजांत लवकरचा अर्ज करण्यावर ते निर्बंध घालतात.

३) रेग्युलर डिसिजन : मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला, उत्तर मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी. कितीही कॉलेजांना अर्ज करता येतो.

लवकरच्या फेरीत प्रवेशाचे प्रमाण जास्त दिसते, हे खरे. पण कॉलेजांनी आधीच निवडलेले खेळाडूही त्याच फेरीत असतात. त्यामुळे नुसत्या आकड्यावर हुरळून जाऊ नये. तयारी अपुरी असेल तर लवकर पाठवल्याने अर्ज बळकट होत नाही.

खरा प्रश्न पैशांचा आहे. नियमित मार्गाने दोन-तीन कॉलेजांचा होकार आला, तर कोण किती आर्थिक साहाय्य देते याची तुलना करता येते. अर्ली डिसिजनमध्ये ती संधी नाही. सधन कुटुंबांनाच लवकरच्या प्रवेशाचा लाभ होतो, या विचाराने हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली तो बंद करण्याचे जाहीर केले होते. २०११ साली मात्र तो पुन्हा सुरू झाला.

परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले तर बहुतेक कॉलेजे प्रवेश ठरवताना ते लक्षात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी थोडीच त्याला अपवाद आहेत. म्हणून काहीजण साहाय्य मागतच नाहीत. हे धोक्याचे आहे, कारण पुष्कळ ठिकाणी पहिल्या वर्षी न मागितलेले साहाय्य परदेशी विद्यार्थ्याला नंतर मागता येत नाही.

अर्ली डिसिजनमध्ये मिळालेले साहाय्य खरोखरच अपुरे असेल, तर कॉलेजला तसे कळवून वचनातून मोकळे होता येते. पण तोवर नाताळ जवळ आलेला असतो आणि इतर अर्जांना जेमतेम दोन आठवडे उरतात. म्हणून ते अर्ज आधीच तयार ठेवावेत.

सही करण्यापूर्वी आपण स्वतःला तीन प्रश्न विचारू या. हेच कॉलेज मुलाची पहिली निवड आहे का? चारही वर्षांचा खर्च कागदावर मांडून पाहिला का? दुसरीकडून जास्त साहाय्य मिळाले असते, अशी हळहळ पुढे वाटणार नाही ना? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर लवकर अर्ज जरूर करावा. एकाही उत्तराविषयी शंका असेल, तर अर्ली ॲक्शन किंवा नियमित मार्ग बरा. त्यात कमीपणा नाही. दिलेला शब्द पाळता येईल तेव्हाच तो द्यावा, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवत आलो आहोत.