अपडेटवर चिडू नकोस, आधी डिस्क बघ

अगं, फोनवर तू म्हणालीस, "ताई, रात्रभर अपडेट लावून ठेवलं, सकाळी बघते तर पुन्हा बदल मागे घेतोय असंच आलंय," तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात पुढे सांगितलंस की हल्ली स्कॅनचं फोल्डर उघडेपर्यंत गिऱ्हाईक बाहेर चहा पिऊन परत येतं. बाई गं, अपडेटला शिव्या देणं आधी बंद कर. माझा अंदाज विचारशील तर तुझी हार्ड डिस्क चालली.

अंदाज चुकला तर चुकू दे. पण आज तुझं दाखल्यांचं केंद्र बंद करायच्या आधी कामाच्या फाइली दुसरीकडे काढून ठेव. माझं पुढचं पुराण त्यानंतर वाच.

असं का म्हणते, ते सांगते. रोजच्या कामात आपण डिस्कचा कितीसा भाग वापरतो? ब्राउझर, स्कॅनर, प्रिंटर, चार फोल्डर. विंडोजच्या बाकी हजारो फाइली कोपऱ्यात पडून असतात, महिनोन्‌महिने त्यांना कुणी हात लावत नाही. अपडेट आलं की ते नेमकं तिथं जातं. जुन्या फाइली वाचतं, ताडून बघतं, नव्या शेजारी मांडतं आणि रीस्टार्टच्या वेळी अदलाबदल करतं. मध्येच एखादी फाइल धड वाचता आली नाही, तर अर्धवट काम मागे ठेवायचं नाही म्हणून सगळं होतं तसं करून टाकतं. म्हणून दिवसभर कॉम्प्युटर बऱ्यापैकी चालतो आणि अपडेट मात्र तीस-चाळीस टक्क्यांवर जाऊन बसतं. ते बसलेलं असतं तेव्हा आत डिस्क ती एकच खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून बघत असते. तुला वाटतं इंटरनेट स्लो आहे.

त्यात सध्या सगळ्यांना घाई झालीये. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. घरगुती वापरासाठी जास्तीच्या सुरक्षा अपडेटांची सोय आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. त्यामुळे नारायणगाव काय, मंचर काय, जो तो जुन्या मशीनवर विंडोज ११ चढवायला बसलाय. चढलं नाही की दुकानदार म्हणतो, मशीन जुनं आहे. असेलही. ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पण मशीन बसत नसेल तर ११ ते सुरुवातीलाच तोंडावर सांगतं. अर्ध्या वाटेवर नेऊन माघारी आणलं, की मला डिस्कचा वास येतो.

सगळंच डिस्कवर ढकलू नकोस हेही खरं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर अपडेट होत नाही. मदरबोर्डवरचा तो नाण्याएवढा सेल संपला असेल तर रोज सकाळी तारीख मागच्याच कुठल्यातरी वर्षात जाते आणि मग धड वेबसाइटही उघडत नाहीत. लाइट मध्येच गेल्यामुळे नुसती फाइलींची नोंद विस्कटलेली असते, डिस्क ठणठणीत असते. म्हणून दुखणं कुठलं ते बघून घ्यायचं, आणि ते तुला स्वतःला बघता येतं.

टास्क मॅनेजर उघड. काहीच चालू नसताना डिस्कसमोर बराच वेळ शंभर टक्के आणि वेग मात्र नावाला, असं दिसतंय का? मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. तिथं 'डिस्क' नावासमोर ७ क्रमांकाची लाल नोंद असेल तर तिचा अर्थ सरळ आहे, डिस्कवर खराब जागा सापडली. १५३ क्रमांकाची नोंद म्हणजे वाचायला किंवा लिहायला पुन्हा प्रयत्न करावा लागला. अशा नोंदींची रांग लागली असेल, आणि त्यांच्या वेळा अपडेट अडकलं त्या वेळांशी जुळत असतील, तर आणखी पुरावा कशाला हवा?

तरी एक कर. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती हे उघडून दाखवतं. निळं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेलंच. त्यातल्या ०५ क्रमांकाच्या ओळीत किती खराब जागा बदलून राखीव जागा वापरल्या ते असतं, सी५ मध्ये किती जागा संशयित म्हणून लटकलेल्या आहेत ते. सी५ शून्य नसेल आणि दोन-चार दिवसांत वाढत असेल तर थांबू नकोस. सी७ एकटाच वाढत असेल तर मात्र आधी आतली केबल बदलून बघ. पन्नास-शंभर रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क टाकून दिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि निळं दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. गुगलनं २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. डिस्कनं स्वतःची जागा तपासताना पहिली चूक नोंदवली, की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता चूक न नोंदवलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणजे पिवळं दिसलं तर विश्वास ठेव, निळं दिसलं तर अर्धाच ठेव.

आता तुला कोण काय सांगेल तेही मला माहीत आहे. "वहिनी, फॉरमॅट मारून घ्या, मशीन नव्यासारखं होईल." आणि होतंही गं, तीच तर गोम आहे! वाचता न येणाऱ्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं, की डिस्क ती जागा गुपचूप बाद करते आणि राखीवातली दुसरी देते. विंडोज नवी टाकताना बऱ्याच जागांवर नव्यानं लिहिलं जातं, त्यामुळे महिनाभर सगळं झकास. तोवर फॉरमॅटचे पैसे देऊन झालेले असतात, जुन्या फाइली पुसून गेलेल्या असतात आणि डिस्क आतून किडतच असते. मग पुन्हा तेच अपडेट, तीच टक्केवारी, तोच माणूस, तोच फॉरमॅट.

एक गोष्ट मनात ठेव. दुरुस्तीवाला आला की तो तुझ्याशी न बोलता तुझ्या ह्यांच्याशी बोलायला लागतो. केंद्र तू चालवतेस, लॉगिन तुझं, बोटांचे ठसे घेणारं मशीन तुझ्या नावावर, तरी तो ह्यांच्याकडेच बघून बोलणार. तू मध्येच विचार, "सी५ चा आकडा किती आलाय?" पुढचं बोलणं तुझ्याशी होईल.

दुसरा सल्ला चेकडिस्कचा. फाइलींची नोंद विस्कटली असेल तर साधी चेकडिस्क चांगलं काम करते. पण खराब जागा शोधायचा तिचा जो लांबलचक प्रकार आहे, तो डिस्कची एकूण एक जागा वाचत जातो. एक टीबीच्या धडधाकट डिस्कलाही त्यात तास न्‌ तास जातात. मरायला टेकलेल्या डिस्कला तो चालवला तर ती त्यातच राम म्हणू शकते. म्हणून चेकडिस्क, सिस्टिम फाइली दुरुस्त करणाऱ्या आज्ञा, पुन्हा अपडेट, हे सगळं फाइली बाहेर काढल्यावर. क्रम उलटा झाला तर पुण्याला डेटा रिकव्हरीवाल्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि तिथला भाव ऐकून नवीन कॉम्प्युटर स्वस्त वाटतो.

नाणेघाटाच्या लेण्यात आपण शाळेच्या सहलीला गेलो होतो, आठवतंय? तो भिंतभर ब्राह्मी लेख, सातवाहन राणी नागनिकेचा. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापण दिले त्याचा हिशेब दगडात कोरलाय, दोन हजार वर्षांचा. त्याच्याही ओळी मधूनमधून झिजल्यात, फुटल्यात. पण एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याच्या नकला उतरवल्या, भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये त्यातल्या आकड्यांवर निबंध लिहिला, म्हणून दगड झिजत राहिला तरी ते आकडे आता पुस्तकांतही आहेत. घाटाच्या तोंडावरचा कातळ झिजतो, तर तुझी डिस्क काय घेऊन बसलीस?

नक्कल काढायची तर आधी काय, ते ठरव. सगळा सी ड्राइव्ह एकदम उचलायला जाऊ नकोस, पहिल्याच खराब जागेवर कॉपी अडकेल आणि तू बघत बसशील. सात-बाराची काळजी करू नकोस, तो सरकारी सर्व्हरवर आहे, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा मिळतोच. ई-पीक पाहणी, दाखल्यांचे अर्ज, तेही तुझ्या डिस्कवर नाहीत. तुझ्या डिस्कवर आहे ते तुझं: येणं-बाकीची वही, टॅलीचा डेटा, श्रीलिपीत केलेल्या लग्नपत्रिका आणि यात्रेची पत्रकं, त्यांचे फॉन्ट, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि डेस्कटॉप. डेस्कटॉप विसरू नकोस! सगळ्यांचा संसार तिथंच मांडलेला असतो. आधी लहान आणि महत्त्वाचं काढ, मग मोठं. जे फोल्डर अडकेल ते सोडून पुढं जा, शेवटी त्याच्याकडे परत ये.

विंडोजच चालू होत नसेल तर घाबरू नकोस. डिस्क काढून यूएसबीच्या अडॅप्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येते, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून फाइली काढता येतात. लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून एक हत्यार आहे. ते आधी चांगला भाग भराभर उचलतं आणि खराब जागा शेवटी चिवटपणे वाचून बघतं. ते मी करून देईन. मात्र आतून टक-टक-टक असा ठेक्यात आवाज येत असेल, तर त्याच क्षणी वायर काढ, मलाही पुन्हा चालू करून ऐकवू नकोस. आणि कुणी सांगितलं म्हणून डिस्क फ्रिजमध्ये ठेवू नकोस, स्क्रू काढून आत फुंकर तर मुळीच मारू नकोस. आतली सुई तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते, धुळीचा एक कण तिला पुरे.

हे सगळं आत्ताच का, जूनपर्यंत का नाही, असं तुझ्या मनात येईल. जूनमध्ये दहावी-बारावीनंतरची दाखल्यांची झुंबड आठव. घाटघरहून किंवा आंबे-हातवीजहून जातीच्या दाखल्यासाठी एसटीनं आलेल्या माणसाला "उद्या या, सिस्टिम बंद आहे" म्हणायचं म्हणजे त्याचा रोज बुडवायचा, आणि परतीची गाडी काही त्याच्यासाठी थांबत नाही. तिकडे घोडेगावच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात कागद द्यायची तारीख तर असतेच.

डिस्क खराब का झाली, असं तू विचारशीलच. वय झालं, हे पहिलं. दुसरं कारण धक्के, आणि ते शिबिरांना नेतेस त्या लॅपटॉपला लागू. तोही जुन्या डिस्कचा आहे, आणि तू तो बंद न करता पिशवीत घालून गाडीवरून नेतेस. आपले रस्ते तुला मी सांगायला नकोत. लाइटचा दोष लोक समजतात तेवढा नसतो, वीज गेली की डिस्कची सुई आपसूक बाजूला जाऊन बसते. पण लिहिणं चालू असताना लाइट गेली की फाइली तुटतात, म्हणून यूपीएसची बॅटरी बदल. तुझा यूपीएस आता दहा सेकंदसुद्धा धरत नाही, मी ऐकलंय त्याचं केकाटणं. बिबट्याच्या भीतीनं शेतकरी दिवसाची लाइट मागतात, कधी कुठला फिडर बंद होईल त्याचा नेम नाही, आणि तू बिनबॅटरीचं अपडेट लावून झोपतेस!

नवीन घेशील ती एसएसडीच घे. तुझ्या जुन्या मशीनला अडीच इंची साटावाली बसेल, २५६ जीबी पुरे. त्यावर विंडोज कोरी टाकून घे, जुन्या डिस्कवरून जशीच्या तशी उतरवू नकोस, नाहीतर तुटक्या फाइलीही सोबत येतील आणि अपडेट तिथंच अडकेल. कॉम्प्युटर इतका पळायला लागेल की वर्षभर आधीच का नाही केलं असं वाटेल. फक्त एसएसडी मरताना टकटक करत नाही, सरळ गप्प होते. तेव्हा दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढत जा, आणि प्रत झाली की ती डिस्क काढून घरी ने. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसच्याही तावडीत सापडते.

राहिली जुनी डिस्क. वॉरंटीत असेल तर कंपनी बदलून देईल, पण दिलेली परत येत नाही, आणि तिच्यावर अख्ख्या पंचक्रोशीची आधार कार्डं, पॅन कार्डं, बँकेची पासबुकं आहेत. लोकांच्या माहितीचा कायदा २०२३ मध्ये झालाय, पण कायद्याचं सोड, ती माणसं तुझ्या ओळखीची आहेत. काम झाल्यावर स्कॅन पुसायची सवय लाव, इतकी वर्षं साठवून काय करायचंय? वॉरंटीपायी ती देऊ नकोस, भंगारात तर नकोच नको. फाइली निघाल्याची खात्री झाली की ग्रिलच्या वर्कशॉपात ने, ड्रिलनं आरपार दोन-तीन भोकं पाडून घे, आणि पाडून होईपर्यंत तिथंच उभी राहा.