तळे राखील कोण?

‘तळे राखील तो पाणी चाखील’ अशी आपल्यात म्हण आहे. भोपाळात पाणी चाखणारे शहरात, तर राखणारे खेड्यांत आहेत. कोलार धरणाप्रमाणेच ११व्या शतकातील भोजतालही शहराची तहान भागवितो. त्याच्या सुमारे ३६१ चौरस किलोमीटर पाणलोटाचा बराच भाग शेतीखाली आहे. पिकाने न शोषलेले नत्र व स्फुरद पावसाबरोबर तळ्यात उतरतात. शेवाळ माजते, ते कुजताना प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

युरोपातही असेच घडले. १९६२ च्या सामाईक कृषिधोरणाने उत्पन्न वाढले, पण पाणी नासले. १९९१ च्या नियमाने धोक्याच्या प्रदेशांत शेणखतातील नत्रास हेक्टरी वर्षाला १७० किलोग्रॅमची मर्यादा घातली. २००५ पासून अनुदान अशा नियमांशी जोडले गेले. नियम मोडल्यास त्यात कपात होते.

आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, आणि युरियावर सरकारी सवलतही आहे. परंतु दोहोंची सांगड नाही. सवलत युरियाच्या पोत्यावर मिळते, पाणी राखल्याबद्दल नव्हे. विद्यार्थिमित्रहो, केवळ दंडाने तळे राखले जात नाही. राखणाऱ्या शेतकऱ्याचा भार पाणी पिणाऱ्या शहरानेही उचलला पाहिजे.