१९५ राजधान्या आणि शेजारची आजी

गेल्या डिसेंबरपर्यंत थोरलीला १९५ देशांच्या राजधान्या पाठ झाल्या होत्या. झेंडा दाखवला की देश ओळखायची, मग राजधानी, चलन आणि पोशाख. पाहुणे आले की मी तिला म्हणून दाखवायला लावायचे. ‘शाळेत न घालता पोरांचं वाटोळं करतेय’ असं म्हणणारी माणसं तेवढा वेळ गप्प बसायची, आणि मला बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यापायी मी ३२ हजार रुपये एकरकमी भरले होते.

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी जागतिक भूगोल आणि संस्कृती असा तो वर्षभराचा अभ्यासक्रम. कंपनीचं नाव घेत नाही. एक मोठा खोका आला. त्यात देशांची कार्डं, भिंतीवरचा नकाशा, स्टिकर. शिवाय आठवड्याला एक ऑनलाइन तास. ‘सवलत आज रात्री बारापर्यंतच’ असं फोनवर सांगितलं म्हणून मी एकही धडा न पाहता पैसे पाठवले.

जानेवारीच्या शेवटी शेजारच्या आजी मलिद्याचं ताट घेऊन आल्या. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. जुन्या पनवेलमध्ये वाढलेल्यांना हे ताट काही नवीन नाही. थोरलीने विचारलं, हे कशाचं? आजी म्हणाल्या, ‘आमच्या एलियाहू हन्नाबीचं. आम्ही ज्यू ना!’

थोरली हसली. म्हणाली, ‘आजी, तुम्ही ज्यू कशा असाल? ज्यू लोक काळी हॅट घालतात, काळा कोट घालतात. तुम्ही तर साडी नेसता. मराठी बोलता.’ आणि आत जाऊन पुरावा म्हणून इस्राएलचं कार्ड घेऊन आली.

आजींनी ते कार्ड डोळ्यांजवळ धरून नीट पाहिलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, ‘बाळा, माझ्या भावाला तिकडे गेल्यावर हेच विचारलं होतं.’

आजींच्या बेने इस्रायल समाजातले, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, कितीतरी लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा नियम निघाला, म्हणजे तुम्ही खरे ज्यू की नाही ते आधी सिद्ध करा. त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावं लागलं. १९६४ मध्ये त्यांचं ज्यू असणं पूर्णपणे मान्य झालं. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटून सात जोडपी वाचली असं ज्यांची परंपरा सांगते, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, त्या लोकांना हा प्रश्न परक्या देशात विचारला गेला. आणि आता पनवेलमध्ये, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या मुलीने विचारला. तिला तो मी विकत आणून दिला होता.

त्या रात्री सगळी कार्डं जमिनीवर पसरली. आफ्रिकेतल्या एकामागून एक देशाच्या कार्डावर तीच गवती झोपडी, तोच ढोल. भारताच्या कार्डावर हत्ती आणि गारुडी. धाकट्याने विचारलं, ‘आई, यात आपण कुठे आहोत?’ भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड भारताच्या कितीतरी पट मोठं दिसत होतं. प्रत्यक्षात ग्रीनलँड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारत जवळपास ३३ लाख. भारताची उत्तरेकडची सीमाही चुकीची होती. अशी सीमा छापणं आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. देश १९५ का, हे इतक्या महिन्यांत कुणी सांगितलं नाही. संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, आणि व्हॅटिकन व पॅलेस्टाइन हे दोन निरीक्षक. या दोन्हींबद्दल मुलांशी बोलण्यासारखं कितीतरी आहे. कार्डावर झेंडा होता, बाकी काही नव्हतं.

मी सविस्तर मेल केली, फोटो जोडले. नऊ दिवसांनी फोन आला. ‘मॅडम, बाकी कुठल्याच पालकांची तक्रार नाही. आमचं साहित्य आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे.’ मी म्हटलं, दर्जाचं सोडा, हे चूक आहे. तर म्हणाले, ‘फोटो खरा आहे, तशी टोपी घालणारे लोक असतात.’ असतात, मी कुठे नाही म्हणाले? मग मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नकाशाचा फोटो टाकला. अर्ध्या तासात मला ग्रुपमधून काढलं. उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले, तर ‘खोका उघडल्यावर परतावा नाही’. ही अट पावतीच्या मागे होती. पैसे अजून मिळालेले नाहीत. पण ग्रुपमधून काढलं, ते जास्त लागलं. तिथल्या काही आयांशी माझं नेहमीचं बोलणं होतं. त्यांतल्या एकीनेही नंतर विचारपूस केली नाही.

तेव्हा घरी शिकवणाऱ्यांनो, आधी पैशांचं ऐका. वर्षाची फी एकदम भरू नका, महिन्याची भरा. परताव्याची अट मेलवर लिहून घ्या. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर लगेच तक्रार नोंदवा. मी समजुतीने मिटेल म्हणून तीन महिने थांबले, ती चूक झाली. असल्या अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राचा पुढे उपयोग नाही, हेही आधीच जाणून घ्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. तिथला सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक्रम बाराव्या वर्षीच चाळून ठेवा. आणि कुठलंही साहित्य घेण्याआधी त्यातला आपल्या भागावरचा धडा मागा. कोकणाबद्दल ते काय लिहितात ते पाहिलं की घाना आणि पेरूबद्दल काय लिहीत असतील ते कळतं. भारताचा नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून घ्या, फुकट मिळतो.

मुलांशी रोज बोला, वर्तमानपत्र वाचा, हे सगळेच सांगतात. तेही कराच.

आम्ही आता पनवेलपासूनच सुरू करतो. शिरढोण इथून जवळच आहे. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचा जन्म तिथला, १८४५ चा. त्यांचा मृत्यू १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात झाला. एडन कुठे, आणि इथला कैदी तिथे का? कारण एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता. नकाशावर शिरढोणपासून एडनपर्यंत दोरा लावला की पुढे बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी येते, मग तांबडा समुद्र, मग १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा. कळंबोलीला पुलाजवळ उभं राहून मुलांनी एका सकाळी न्हावा-शेवाकडे जाणाऱ्या कंटेनरांवरची नावं लिहून घेतली. मर्स्क डेन्मार्कची, हापाग-लॉइड जर्मनीची, एव्हरग्रीन तैवानची. सुएझमध्ये २०२१ च्या मार्चमध्ये सहा दिवस अडकलेलं जहाज एव्हरग्रीनच चालवत होती. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर ती आफ्रिकेला वळसा घालून का जाऊ लागली, हे धाकट्याने दोरा फिरवून स्वतः शोधलं. त्या दिवशी तो जेवायला उठेना.

आफ्रिकेसाठी मुरुडची एसटी धरली. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी वंशाचे. हबश म्हणजे ॲबिसिनिया, आजचा इथिओपिया. त्यांच्यावरून जंजिऱ्याच्या मुलखालाच हबसाण म्हणत. झोपडी आणि ढोल पाहिलेल्या मुलांनी समुद्रातला तो किल्ला पाहिला आणि तो कुणी राखला ते ऐकलं.

१५ मेच्या आसपास पनवेलमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येतो. गच्चीवर काठी उभी करा. सावली नाहीशी होते ती बाराला नाही, साडेबारा उलटल्यावर. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर चालतं, पनवेल आहे ७३ वर, आणि दर अंशाला चार मिनिटं. अक्षांश-रेखांश शिकवायला त्या काठीशिवाय मला काही लागलं नाही.

आजींकडे मी दुसऱ्या दिवशीच थोरलीला घेऊन गेले. माफी तिने मागितली, मीही मागितली. आजींनी तिला बेथ एल सिनेगॉग दाखवलं. दीडशे वर्षांहून जुनी ही वास्तू. तिच्यावरून आम्ही रोज भाजीला जातो.

आजींचा भाचा दिमोनाला असतो, नेगेवच्या वाळवंटात. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा सूर्यास्ताच्या सुमारास सुरू होणारा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत, दर शुक्रवारी संध्याकाळी, त्या त्याला फोन करतात. थोरलीने वहीत दोन तक्ते केले आहेत. हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक, उन्हाळ्यात तिकडे घड्याळं पुढे करतात म्हणून अडीच. डिसेंबरात इथे सहाला सूर्य मावळतो तेव्हा दिमोनात अडीच वाजलेले असतात, आणि भाच्याचा शब्बाथ सुरू व्हायला अजून दोन तास असतात. आता शुक्रवारी साडेपाच झाले की ती वही घेऊन आजींच्या दारात उभी असते. खोका माळ्यावर आहे. कुणाला द्यावा असं मनात येत नाही.