हप्त्यांची खरेदी आणि घरचा हिशेब

उधारी आपल्या गांवांस नवी नाहीं. वाण्याच्या चोपडींत ज्याचें नांव नाहीं असें घर पूर्वीं विरळाच सांपडे. परंतु अलीकडे मोबाइलमधून जी उधारी घरांत आली आहे तिची रीत निराळी आहे. यास्तव ह्या पाठांत तिचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. साबण, तेल, कपडे, मुलांच्या वह्या, कांहींही आज घ्यावें आणि किंमत तीन-चार हप्त्यांनीं फेडावी, अशी ही सोय होय.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, ही दुकानदाराची मेहेरबानी नसून कर्ज आहे. दुकानदारास त्याचे पैसे मिळून जातात. ते एखादी बँक किंवा वित्तसंस्था देते, आणि आपण तिचे ऋणको होतों. वाणी आपणांस ओळखत असे. पाऊस लांबला तर पुष्कळदां तोही थांबे. येथें तसें नाहीं. आरंभीं आपण संमति दिलेली असली म्हणजे ठरल्या तारखेस खात्यांतून रक्कम आपोआप वळती होते. खातें रिकामें असलें तर कर्ज देणाऱ्या संस्थेचा दंड आणि बहुधा आपल्या बँकेचें शुल्क असा दुहेरी भार पडतो. शिवाय चुकलेल्या हप्त्याची नोंद पतमाहिती संस्थेकडे जाते, आणि पुढें घरासाठीं अथवा विहिरीसाठीं कर्ज मागावयास गेलों असतां तीच नोंद आडवी येते.

कोणी म्हणेल, ‘पण हे हप्ते तर बिनव्याजी आहेत!’ ह्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें सन 2013 च्या सप्टेंबरांतच बँकांना बजाविलें कीं, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वांत नाहीं. तें व्याज पुष्कळदां प्रक्रिया शुल्काच्या रूपानें झांकलेलें असतें. आपण उदाहरण घेऊं. समजा, 6,000 रुपयांची खरेदी केली, आणि दरमहा 2,000 प्रमाणें तीन महिन्यांत ती फेडावयाची आहे. व्याज कांहीं नाहीं. शुल्क मात्र 199 रुपये, आणि त्यावर 18 टक्के कर धरून सुमारें 235 रुपये. ही रक्कम लहान दिसते. आतां जुने व्यापारी करीत तसा कटमितीचा हिशेब करा. पहिला महिना आपणांकडे 6,000 रुपये राहिले, दुसरा महिना 4,000, तिसरा महिना 2,000. बेरीज केली म्हणजे 12,000 रुपये एक महिना, म्हणजेच 1,000 रुपये एक वर्ष वापरले. त्याबद्दल 235 रुपये दिले! हा दर दरसाल दरशेकडा साडेतेवीस रुपये पडला. ‘बिनव्याजी’ ह्या शब्दाचा अर्थ असा पाटीपेन्सिल घेऊन शोधावा लागतो.

न वाचलेल्या कर्जाचें दुःख ह्या प्रांतानें भोगलेलें आहे. सन 1875 च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांचा दंगा झाला, आणि तो त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतही पसरला. लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. आपण कशाखालीं निशाणी केली हें कित्येकांना वाचतां येत नव्हतें. पुढें सन 1879 च्या कायद्यानें शेतकरी ऋणकोस पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला, आणि व्यवहार मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. आज बोट कागदावर नव्हे, कांचेवर टेकतें. परंतु न वाचतां टेकलेलें बोट आजही तसेंच बांधून घेतें.

आजही हक्क आहेत. ते ठाऊक असावे. बँकेनें किंवा वित्तसंस्थेनें कर्ज देण्यापूर्वीं मुख्य तथ्यांचें पत्रक दिलें पाहिजे. त्यांत सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि तें ऋणकोस समजणाऱ्या भाषेंत असलें पाहिजे. मोबाइलवरून घेतलेलें कर्ज मनास पटलें नाहीं तर निदान एक दिवसाच्या मुदतींत मुद्दल व तेवढ्या काळाचा आकार देऊन, दंडाशिवाय, तें सोडतां येतें; एकदांचें वाजवी प्रक्रिया शुल्क मात्र संस्था ठेवूं शकते. वसुलीसाठीं सकाळीं 8 पूर्वीं व सायंकाळीं 7 नंतर फोन करण्यास मनाई आहे. तक्रार प्रथम संस्थेकडे लेखी करावी. 30 दिवसांत समाधान झालें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें.

मग हप्त्यानें कांहींच घेऊं नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. शिवणयंत्र घेतलें तर हप्ता फिटेपर्यंत तें कमावतें, आणि फिटल्यावरही घरांत राहतें. परंतु तेल आणि साखर महिन्यांत संपतात, व त्यांचा हप्ता मात्र तीन महिने जेवावयास बसतो. दुसऱ्या महिन्यांत पुन्हा तेल लागतें. तेंही हप्त्यानेंच येतें. अशा रीतीनें 400, 500, 700 आणि 900 रुपयांचे चार लहान हप्ते मिळून 2,500 रुपये होतात, आणि मजुरी हातीं येण्यापूर्वींच ती खर्चून गेलेली असते. ज्या घरांत पुढल्या महिन्याची भाकर अशी आधींच विकली जाते, त्या घरांत एक आजारपण आलें तरी पुरे.

यास्तव आमचा नियम एवढाच: जी वस्तु हप्ता फिटण्यापूर्वीं संपते, ती हप्त्यानें घेऊं नये. आणि जी घ्यावयाची तिची एकूण रक्कम, शेवटच्या पैशापर्यंत, वहींत लिहून घरांतील माणसांस वाचून दाखवावी. मगच होकार द्यावा.

विचारासाठीं प्रश्न
1. आपल्या घरीं आज किती हप्ते चालू आहेत? त्यांची बेरीज मासिक मिळकतीचा कितवा भाग होते?
2. 3,000 रुपये तीन समान मासिक हप्त्यांनीं फेडावयाचे असून एकूण शुल्क 118 रुपये आहे. वार्षिक दर काय पडला?
3. वाणसामान रोखीनें घेण्यासाठीं एक महिन्याचा खर्च आगाऊ सांठवावयाचा आहे. दर आठवड्यास किती बाजूस ठेवावें लागेल?